वरातीतील पंजाबी ढोल आणि ब्रास बँड : एका सुपारीचा अनुभव

भाचीचे सासर मूळचे लुधियानाचे असल्यामुळे वरातीला डीजेऐवजी ब्रास बँड आणि त्याच्या जोडीला पंजाबी ढोल असावेत, असे दोन्ही घरांनी मिळून ठरवले. पेठेतील एका जुन्या बँडला सुपारी दिली. चौदा वादक, दोन ढोलवाले आणि म्हात्रे पुलापासून डीपी रस्त्यावरील लॉनपर्यंत दीड तास वादन असा ठराव होता. वादक वेळेवर आले आणि गणवेश स्वच्छ होते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

प्रत्यक्ष वादनाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. पुणेकराच्या कानात ढोल म्हणजे एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप आणि वर ताशाची तर्री. (आमच्या एका काकांनी शेवटपर्यंत ‘ताशा कुठे आहे?’ अशी चौकशी चालू ठेवली होती.) पंजाबी ढोल दोन्ही बाजूंनी काठीनेच वाजतो. जाड, वाकड्या काठीने खर्जाचा ठोका पडतो आणि बारीक, लवचिक तिल्लीने दुसऱ्या पुडीवरचे कडक बोल निघतात. त्याची ‘चाल’, म्हणजे त्याचा नेहमीचा ताल, आठ मात्रांची, आपल्या केरव्याच्या जवळची असते. परंतु मात्रांच्या आतले तुकडे सारख्या अंतराने पडत नसल्यामुळे ती झुलते. याउलट आपल्या बँडचा साइड ड्रम इंग्रजांच्या लष्करी बँडचा वारसा सांगणारा, सरळ पावले टाकणारा. पहिली पंधरा मिनिटे हे दोघे एकमेकांच्या पायांत येत होते आणि नाचणाऱ्यांना नेमका कोणता ठोका धरावा हे कळत नव्हते.

बँडमास्तरांच्या ते लवकर लक्षात आले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्यांनी साइड ड्रम थांबवला आणि युफोनियम या खर्जाच्या पितळी वाद्याच्या वादकाला ढोलाच्या खर्जाच्या ठोक्यांवरच सूर लावायला सांगितले. त्यानंतरची वीस मिनिटे अप्रतिम झाली. खालून ढोल आणि युफोनियम एकजीव झाले, ट्रम्पेट छोट्या तुकड्यांत बोलू लागले आणि क्लॅरिनेटने पंजाबी लोकधुनेतील मुरक्या मोकळेपणाने घेतल्या. ब्रुकलिनमध्ये २००८ साली सनी जैन या ढोलवादकाने स्थापन केलेल्या ‘रेड बरात’ या बँडमध्ये सुरुवातीला गिटार नव्हती आणि खर्जाची बाजू सूझाफोन हे अंगाभोवती घालून वाजवायचे मोठे पितळी वाद्य सांभाळत असे. त्या रचनेमागचा विचार मला रस्त्यावर उभा असताना उमगला. ढोलाची चाल ही मांडणीचा पाया मानावी लागते, आणि तयार गाण्यावर ती वरून चिकटवली तर केवळ आवाज वाढतो.

दुर्दैवाने पुढे नेमके तेच घडले. फर्माइशी सुरू होताच ठेल्यावरचा कीबोर्ड आणि भोंगा चालू झाला, सगळी पितळी वाद्ये एकाच वेळी पूर्ण जोराने वाजू लागली आणि ढोल हातवाऱ्यांपुरता उरला. मार्गशीर्षातील थंडीने वाद्यांचा सूर उतरला होता, कीबोर्ड मात्र आपल्या जागी ठाम होता. त्यामुळे दोन्ही एकत्र ऐकवत नव्हते. वादकांनी मध्ये थांबून वाद्ये मिळवून घेतली असती, तर निदान एवढे तरी टळले असते.

अठ्ठावीस हजार रुपयांत वीस मिनिटे उत्तम आणि उरलेला वेळ साधारण, असा हा हिशेब आहे. तरीही मी याच बँडला पुन्हा बोलावीन, मात्र कीबोर्ड आणू नये आणि ढोल वाजत असताना साइड ड्रम बंद असावा, हे सुपारी देतानाच ठरवून घेईन. ढोलवाले बाहेरचे असतात आणि बँडशी त्यांची गाठ थेट वरातीतच पडते. म्हणून एका तालमीचे वेगळे दोन हजार रुपये बँडमास्तरांनी आधीच मागितले होते. ते आम्हीच नाकारले.