गंगापूर रोडवरचं बालविकास केंद्र: पाचपैकी चार तारे

आम्ही नाशिकच्या जेलरोडचे. मी नोट प्रेसच्या तपासणी विभागातून रिटायर झालो, त्यामुळे खोट काढायची सवय आहे, आधीच सांगतो. मुलगा-सून दोघंही नोकरीला, म्हणून नातवाला इथे तपासणीला आणि थेरपीला आणायचं काम माझं. आलो तेव्हा पोरगं साडेसहाचं होतं. आठ महिने झाले.

त्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे सात मिनिटांत "मोबाइल बंद करा, मोठा झाला की सुधारेल" म्हणून वाटेला लावलं. फी मात्र पूर्ण घेतली.

इथे पहिल्या दिवशी डॉक्टरबाई टेबल सोडून सतरंजीवर बसल्या. पोरगं नेहमीसारखं बाटल्यांची झाकणं ओळीने लावत होतं. आम्ही असतो तर ओळ मोडून "मॅडमना नाव सांग" सुरू केलं असतं. बाईंनी काहीच विचारलं नाही. निळ्या झाकणांच्या शेवटी एक लाल ठेवलं. त्याने काढलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. चौथ्या वेळी त्याने मान वर करून थेट त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फिस्सकन हसला. सून बाहेर जाऊन रडली. मी तिला पाणी आणायला गेलो आणि बराच वेळ आलो नाही.

निदान एका बैठकीत झालं नाही, हे मला आवडलं. आधी कानाची तपासणी, मग 'आयसा'चे (ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, मोजायची भारतीय चाचणी) ४० मुद्दे, मग शाळेतल्या बाईंकडून वेगळा फॉर्म. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसल्याशिवाय शिक्का मारत नाहीत. आयसात ८२ आले, म्हणजे सौम्य ऑटिझम. जोडीला एडीएचडी. दोन्ही एकाच पोराला असतं हेच मला नवीन. २०१३ पर्यंत अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकातही दोन्ही एकत्र लिहायची सोय नव्हती म्हणे.

थेरपी नातवाची, पण बोलणी मी खाल्ली. "ऊठ, दात घास, दप्तर भर, बूट घाल" हे मी एका दमात सांगायचो आणि तो दारातच उभा राहिला की ओरडायचो. ओटीच्या, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, ताईंनी मला बसवून सांगितलं, "आजोबा, एका वेळी एकच. ते झालं की पुढचं." आता न्हाणीच्या दारावर तीन चित्रं चिकटवलीत: बादली, साबण, टॉवेल. बूट अजून मीच घालतो.

गोळी चार महिन्यांनी सुरू केली. ती ऑटिझमवर नाही, एका जागी टिकायला आहे, हे तीनदा बजावलं. तिचं नाव मिथाइलफेनिडेट, ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीतलं. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो. आमच्याकडे चार मेडिकल पालथी घातली तेव्हा एकाकडे मिळाली. दुपारची भूक मरते, म्हणून गोळीआधीच दोन थालीपिठं चारतो.

कागदपत्रांतही मदत झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी नाही, तेव्हा सिव्हिलमध्ये यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्र) कशाचा रिपोर्ट न्यायचा ते नीट सांगितलं. निरामय या सरकारी आरोग्य विम्याची १ लाखापर्यंतची सोयही इथेच कळली.

एक तारा कापला तो बाहेरच्या खोलीमुळे. आवाजाने कानावर हात ठेवणारी पोरं इथे येतात, आणि भिंतीवर टीव्ही, वर टोकनची टिंगटिंग! दोनदा लेखी तक्रार दिल्यावर टीव्ही बंद झाला. घंटी अजून आहे. रिपोर्टला पाच आठवडे लावले, तेही फोन करकरून. ओटीचे ४५ मिनिटांचे ६०० घेतात, पण दरपत्रक कुठे लावलेलं नाही, विचारावं लागतं.

शनिवारी येऊ नका, जत्रा असते. सकाळी दहाची वेळ मागा. आणि घरची झाकणं आणा, तिथली अर्धी हरवलीत.