बोया बीवाय-एम१ : सभागृहातील व्याख्यानासाठी वायरचा कॉलर माईक

वाचनालयाच्या सभागृहात होणाऱ्या व्याख्यानांचे चित्रीकरण करताना मी बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा कॉलर माईक नियमितपणे वापरतो. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा हा माईक एकट्या वक्त्याच्या ध्वनिमुद्रणासाठी पुरेसा आहे, आणि पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट महाग असलेल्या बिनतारी संचापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो, असे माझे मत आहे.

मागच्या रांगेत उभ्या केलेल्या कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकने व्याख्यान घुमल्यासारखे का येते, हे आधी पाहिले पाहिजे. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणजे छातीवर, १५ सेंटिमीटरवर असलेल्या माईकच्या तुलनेत पावणेपाच मीटरवरच्या कॅमेऱ्याला तो सुमारे ३० डेसिबल कमी मिळतो. भिंती, फरशी आणि छत यांवरून परतणारा घुमारा, पंख्यांची घरघर आणि खुर्च्यांची करकर मात्र सभागृहात सगळीकडे जवळपास सारखीच असते. हा गोंधळ नंतर संगणकावर पूर्णपणे काढता येत नाही, त्यामुळे माईक वक्त्याच्या अंगावर असणे हाच खरा उपाय आहे.

बीवाय-एम१ची वायर ६ मीटर लांब असून तिच्यावर एक छोटी डबी आहे. डबीवरची कळ ‘कॅमेरा’कडे सरकवली की आतल्या एलआर४४ बटण सेलवर माईक चालतो, दुसऱ्या बाजूला, म्हणजे ‘ऑफ’ आणि ‘स्मार्टफोन’ असे एकत्र लिहिलेल्या जागी, त्याला फोनकडूनच वीज मिळते. कॅमेऱ्याला जोडून कळ सरकवायची राहिली तर ध्वनिमुद्रण होत नाही आणि काम आटोपल्यावर ती ‘कॅमेरा’वरच राहिली तर सेल उतरतो. ही रचना मला फारशी पसंत नाही, कारण कळ योग्य जागी आहे हे दाखवणारा दिवा डबीवर नाही.

माझ्या अनुभवात सर्वांत चांगला परिणाम कॅमेऱ्याला जोडून नव्हे, तर वक्त्याच्या खिशातल्या जुन्या फोनला जोडून मिळतो. फोन विमान मोडवर ठेवावा, मुद्रणाचा नमुनादर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झवर लावावा, आणि कॅमेरा चालू असताना एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते. तासाभराच्या भाषणात दोन उपकरणांची घड्याळे किंचित मागेपुढे होतात. शेवटी ओठ आणि शब्द जुळत नसतील तर संपादन करताना आवाजाचा ट्रॅक अगदी थोडा ताणावा लागतो. फोनला हेडफोनचे ३.५ मिमीचे छिद्र नसेल तर जोडणीचा तुकडा (अडॅप्टर) वेगळा घ्यावा लागतो. शिवाय फोनला असे एकच छिद्र असते आणि ते माईकने अडवल्यामुळे मुद्रण चालू असताना हेडफोनवर ऐकता येत नाही, ही मोठी उणीव आहे. कार्यक्रमापूर्वी अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती ऐकणे म्हणूनच अपरिहार्य आहे. वक्त्याला ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला न लावता दोन वाक्ये त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावीत.

माईक लावण्याच्या जागेकडे आपल्या कार्यक्रमांत विशेष लक्ष द्यावे लागते. सदऱ्याच्या गुंड्यांच्या पट्टीवर तो उत्तम बसतो, परंतु वरून जाकीट असेल तर कापडाची खसखस येते. साडी असल्यास पदराखाली न दडवता काठावर लावावा आणि मंगळसूत्र त्यावर घासणार नाही इतका बाजूला ठेवावा. क्लिपच्या मागे वायरचा छोटा वेढा घेतला तर वायर ओढली गेल्याचे धक्के माईकपर्यंत पोहोचत नाहीत. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सत्काराची शाल: आयोजक ती खांद्यावर टाकतात, वक्ता सौजन्याने ती तशीच ठेवून बोलायला उभा राहतो, आणि पुढचा तासभर आवाज रजईतून आल्यासारखा येतो. त्यामुळे सत्कार उरकल्यावरच माईक लावू द्यावा, असे मी आयोजकांना आधीच सांगून ठेवतो.

हा माईक सर्व दिशांनी सारखाच ऐकतो. त्यामुळे वक्त्याने मान वळवली तरी आवाज फारसा पडत नाही, पण व्यासपीठाजवळच्या लाउडस्पीकरच्या पेटीचा आवाजही त्यात शिरतो. अशा वेळी साउंडवाल्याला ती पेटी वक्त्याच्या पुढे सरकवायला सांगावे.

२०२१ मध्ये आलेल्या रोड कंपनीच्या ‘वायरलेस गो २’ सारख्या बिनतारी संचात दोन प्रेषक (वक्त्याच्या अंगावर लावून आवाज रेडिओ लहरींनी पाठवणाऱ्या छोट्या डब्या) मिळतात आणि प्रेषकातच मुद्रण होण्याची सोय असल्याने लहरी तुटल्या तरी आवाज हातचा जात नाही. तो २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायही वापरते त्याच पट्ट्यात चालतो. भरलेल्या सभागृहात प्रेषकातल्या मुद्रणाची सोय म्हणूनच महत्त्वाची आहे. दोघांची मुलाखत किंवा व्यासपीठभर फिरणारा वक्ता असेल, तर असा संच घ्यावा. तीन-चार जणांच्या परिसंवादाला मात्र दोन प्रेषकही अपुरे पडतात; तेथे साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच (सगळे माईक जोडलेल्या यंत्रातून) आवाज घेणे बरे.