कमोड-व्हीलचेअर चांगली आहे, पण तिची चाके आधी तपासा

चार फिरत्या चाकांची, रंग दिलेल्या लोखंडी नळ्यांची ही कमोड-व्हीलचेअर रत्नागिरीत आमच्या घरी गेल्या वर्षापासून वापरात आहे. अर्धांगवायूनंतर सासूबाईंची उजवी बाजू कमजोर झाली असून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत त्यांचे जाणे-येणे याच खुर्चीवरून होते. बैठक रुंद आहे, हात टेकायच्या दांड्या बाजूला काढता येतात आणि भांडे मागून सरकवता येते. या बाबतींत बनवणाऱ्याने रुग्णाचा आणि सांभाळणाऱ्याचा विचार केलेला दिसतो. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या भागाविषयी लिहायचे आहे ती कॅस्टर चाके, म्हणजे सगळ्या दिशांना वळणारी छोटी चाके, या किमतीच्या अनेक खुर्च्यांना अशीच बसवलेली असतात.

पावसाळा सरता सरता खुर्ची डावीकडे ओढू लागली आणि फरशीच्या सांध्यांवरून जाताना पुढची चाके थरथरू लागली. अशा वेळी चौकटच वाकली आहे असे सांगून नवी खुर्ची सुचवणारे दुकानदार भेटतात, म्हणून आधी घरच्या घरी तपासणी करावी असे मी आग्रहाने सांगेन. रिकामी खुर्ची कलती करून एकेक चाक बोटाने फिरवावे. ते हळूहळू मंदावत थांबले तर ठीक. झटकन थांबले किंवा खरखरले, तर आसाभोवती काहीतरी अडकले आहे किंवा बेअरिंग गेले आहे असे समजावे. आमच्या डाव्या पुढच्या चाकात केसांचा गुंता आणि नाडीचा एक धागा आसाला करकचून आवळलेला होता आणि त्याखाली साबणाचा पांढुरका थर व जांभ्याची तांबडी धूळ यांचा लगदा साचला होता. तो कात्रीच्या टोकाने काढल्यावर खुर्ची ओढायची थांबली. थरथर मात्र राहिली.

तिचे कारण वरच्या फिरत्या सांध्यात होते. खुर्ची पाठीवर आडवी केली की चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा आपल्या वजनाने खाली झुलला पाहिजे; अडून राहिला तर सांधा घट्ट आहे किंवा गंजला आहे, आणि हाताने हलवल्यावर खुळखुळला तर ढिला झाला आहे. आमचा नट ढिला होता आणि तो आवळल्यावरही बेअरिंगची झीज भरून येणारी नव्हती. इथे अनेकजण गंज सोडवायचा स्प्रे मारतात. त्याने सांधा तात्पुरता मोकळा होतो, पण आतले उरलेसुरले ग्रीसही धुऊन निघते. म्हणून त्यानंतर पाण्याला टिकणारे ग्रीस भरणे आवश्यक असते.

आणखी एक तपासणी सोपी आणि फार उपयोगाची आहे. माणूस खुर्चीत बसलेला असताना प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी; ज्या चाकाखालून ती सहज ये-जा करते ते चाक भार घेत नाही. न्हाणीघरात मोरीकडे उतार असल्यामुळे असे होतच असते, म्हणून नवी चाके घेताना एकूण वजन चाराने नव्हे, तीनाने भागावे. पंच्याहत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची खुर्ची धरली, तर प्रत्येक चाकाची क्षमता किमान तीस किलो हवी, आणि उंबरा ओलांडताना बसणारे धक्के लक्षात घेता त्याहून बरीच जास्त असावी.

बदली चाके आम्ही एका हार्डवेअरच्या दुकानातून आणली. जुने चाक सोबत नेणेच योग्य, कारण चाकाच्या वरच्या दांड्याची जाडी, आटे आणि चाकासह एकूण उंची हे सगळे जुळावे लागते. उंचीत थोडा फरक पडला तरी खुर्ची डुगडुगते. आम्ही करड्या, मऊ रबरासारख्या धावेची आणि स्टेनलेस स्टीलच्या बेअरिंगची चाके निवडली. नायलॉनची चाके हलकी फिरतात, पण शहाबादी फरशीवर फार आवाज करतात आणि ओल्या जागी घसरतात. पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या चाकांमधला एक प्रकार सततच्या दमट उष्ण हवेत चिकट होऊन चुरा होतो, त्यामुळे कोकणात तो टाळलेला बरा.

खरा फरक ब्रेकमध्ये जाणवला. जुना ब्रेक फक्त चाकाचे फिरणे थांबवत असे, पण चिमटा मोकळाच राहत असल्याने ब्रेक लावूनही सासूबाई उठताना खुर्ची बाजूला सरकत असे, आणि एका बाजूच्या आधारावर उठणाऱ्या माणसाला ते धोक्याचे आहे. नव्या मागच्या चाकांचा ब्रेक चाक आणि चिमटा दोन्ही एकदम जखडतो. असा ब्रेक कंपनीने मुळातच द्यायला हवा, त्यासाठी खुर्चीची किंमत थोडी वाढली तरी चालेल.

खुर्चीला माझी शिफारस आहे, परंतु चाके बदलण्याचा खर्च धरूनच ती घ्यावी. एक उणीव अजून आहे: नव्या ब्रेकची पट्टी बरीच ताठ आहे आणि ओल्या पायाने ती वर उचलताना बोटे निसटतात, त्यामुळे सध्या आम्ही न्हाणीघरात रबरी चप्पल घालूनच ब्रेक सोडतो.