हॉलच्या भिंती: उजळ पांढरट की गडद?

शेडकार्डावर सौम्य वाटलेला रंग खोलीत गेला की भडक होतो, कारण चारही भिंती एकमेकींवर तोच रंग फेकतात. म्हणून पांढरट घ्यायचा की गडद, हे शेडकार्ड पाहून ठरवू नका. खोलीत उजेड किती, फरशी कोणती आणि भिंतीला रोज हात किती लागतात, हे आधी पाहा.

उजेड

पुष्कळ कंपन्या शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा देतात. रंग किती उजेड परत फेकतो, ते त्यावरून कळतं: काळा 0 च्या जवळ, शुभ्र 100 च्या जवळ. पांढरट आणि फिकट क्रीम साधारण 75 ते 85 मध्ये बसतात. बाटलीसारखा हिरवा किंवा गडद निळा बहुधा 15 च्या खाली. त्यामुळे 10 बाय 12 च्या ज्या खोलीत पांढरट भिंतींना 20 वॅटची एक एलईडी पट्टी पुरते, तिथे चारही भिंती गडद केल्या तर दोन-तीन दिवे लागतात.

खिडकी डक्टकडे (इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेकडे) उघडत असेल तर लोक शुभ्र पांढरा निवडतात, आणि तिथेच फसतात. उजेडच नसेल तर शुभ्र भिंत राखाडी, उदास दिसते. तिथे पिवळसर झाक असलेला क्रीम बरा. दिव्याचा रंगही आधी ठरवा. 6500 केल्विनच्या निळसर प्रकाशात क्रीम फिका पडतो, तर 3000 केल्विनच्या पिवळ्या प्रकाशात निळा मळकट हिरव्याकडे झुकतो.

फरशी

भिंत पुन्हा रंगवता येते, फरशी सहसा बदलत नाही. फ्लॅटमध्ये आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल असेल तर तिच्यावर निळसर राखाडी भिंत नको, फरशी न धुतल्यासारखी पिवळी दिसू लागते. त्याऐवजी उबदार पांढरा, मातकट गुलाबी किंवा गेरूच्या जातीचा तांबूस घ्या. कोटा फरशी हिरवट असते. तिच्यावर क्रीम चांगला दिसतो आणि गडद मातीचे रंगही, पण पोपटी मात्र तिच्याशी भांडतो. सागवानी दारं असतील तर त्यांच्याशेजारी गडद हिरवा फार देखणा दिसतो.

काम आणि खर्च

10 बाय 12 ची खोली, उंची साडेनऊ फूट: भिंती मिळून 418 चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की सुमारे 375. चांगलं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, दोन हातांत लिटरला 120 ते 140 चौरस फूट जातं, म्हणजे पांढरटसाठी 3 लिटर.

गडद रंगाचं गणित वेगळं. त्याच्या बेसमध्ये, म्हणजे दुकानातल्या मशीनवर ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात, झाकणारं पांढरं रंगद्रव्य कमी असतं, म्हणून अनेकदा तिसरा हात लागतो. भडक लाल आणि पिवळा तर सगळ्यात कमी झाकतात. त्यांच्याखाली त्याच छटेकडे झुकणारा प्रायमर मारून घ्या. गेरू, मातकट तांबडा असे लोहाच्या रंगद्रव्याचे रंग उलट चांगले झाकतात आणि पश्चिमेच्या उन्हातही लवकर उडत नाहीत. गडदच हवा असेल तर पहिली पसंती यांनाच द्या. 12 फुटांच्या एकाच भिंतीला (114 चौरस फूट) तीन हातांसाठी 1 लिटरचे दोन डबे घ्या, आणि दोन्ही एका बादलीत एकत्र करूनच लावा. वेगवेगळ्या वेळी मशीनवर बनलेल्या डब्यांत फरक पडला की तो भिंतीच्या मधोमध दिसतो. शेड क्रमांक आणि बेसचं नाव लिहून ठेवा.

पुट्टीचे दोन हात आणि पॉलिश पेपरने घासाई दोन्हीकडे लागते, पण गडद भिंत घासाईतली हयगय लपवत नाही. त्यात चमकदार फिनिश घेतलं तर खिडकीच्या तिरप्या उजेडात पुट्टीची प्रत्येक लाट उठून दिसते. घासाई झाल्यावर दिवा भिंतीला टेकवून तिरपा धरा, उंचवटे तिथेच सापडतील.

रोजची झीज

पांढरटावर हाताचे ठसे आणि पेन्सिल दिसते, पण धुता येणारं इमल्शन असेल तर ओल्या फडक्याने बरंच जातं. गडद मॅटवर ठसे कमी दिसतात, मात्र पुसलेल्या जागी चकाकी येते आणि खुर्ची घासली की पांढरा ओरखडा उठतो. तिथे डागडुजीही करता येत नाही. थोडा रंग लावला तर ठिगळ दिसतं, सबंध भिंतच रंगवावी लागते.

कोकणात आणि मुंबईत याहून मोठा प्रश्न ओलीचा. खार फुटला की गडद भिंतीवर पांढरे चट्टे उठतात, पांढरटावर ते लपतात. पण लपले म्हणून पोपडे निघायचे थांबत नाहीत. आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण सुकू द्या. दिवाळीच्या तोंडावर घाईने ओल्या भिंतीवर मारलेली पुट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

आमचा कौल

हॉल, स्वयंपाकघर आणि मुलांची खोली उबदार पांढरट. गडद रंग झोपायच्या खोलीत, पलंगामागच्या एकाच भिंतीला: तिथे दिवसा वावर कमी आणि हातही कमी लागतात. ती भिंत बाहेरची असेल आणि ओल येत असेल तर गडद रंग समोरच्या आतल्या भिंतीला द्या. भाड्याच्या घरात गडद टाळा. सोडताना परत पांढरं करायला प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात लागतात.

कोणता गडद, हे मात्र आवडीचं काम, आणि ती आवड बहुधा तुमच्या कपाटात आधीपासून असते. सारखी नेसली जाणारी साडी किंवा लाडकी गोधडी त्या भिंतीवर चार दिवस टांगा. तोच रंग डोळ्यांना रुचत राहिला तर त्याच्याजवळची शेड निवडा, लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. पुठ्ठ्याला कडेने पांढरी पट्टी सोडू नका, तिच्यामुळे रंग आहे त्याहून गडद भासतो. पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, फरशीला टेकवून पाहा.