टीसीच्या नावाने आलेला खाते क्रमांक: अमेरिकेत घर घेताना डाउन पेमेंट असं जातं

घराचा करार झाला की दुसऱ्याच दिवशी एक मेल येतो: 'मी तुमची ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर, म्हणजे टीसी. इथून क्लोजिंगपर्यंत (पैसे देऊन घर नावावर होण्याच्या दिवसापर्यंत) कागदपत्रं आणि तारखा मी सांभाळणार आहे.' हा मेल खरा असतो. पुढचे तीस-चाळीस दिवस याच पत्त्यावरून रोज काही ना काही येत राहतं आणि घर घेणाऱ्याला त्या नावाची सवय होते. चोर नेमका या सवयीचा फायदा घेतो.

आधी टीसीचं काम समजून घ्या, कारण फसवणूक त्या कामाच्या सीमेवरच होते. एजंट घर दाखवतो आणि भाव ठरवतो. करारावर सह्या झाल्या की फाइल टीसीकडे जाते. कराराची प्रत टायटल कंपनीला (मालकीहक्क तपासून क्लोजिंगचे पैसे सांभाळणारी कंपनी) आणि लेंडरला (कर्ज देणारी संस्था) पाठवणं, तारखांचं वेळापत्रक बनवणं, राहिलेल्या सह्या गोळा करणं, एचओएची (वसाहतीच्या सोसायटीची) कागदपत्रं मागवणं, शेवटच्या पाहणीची वेळ ठरवणं ही तिची कामं. टेक्ससमध्ये अर्नेस्ट मनी (कराराचा बयाणा) तीन दिवसांत टायटल कंपनीत पोचला का, ऑप्शन पीरियड (कारण न देता करार सोडण्याची मुदत) कधी संपतो, विक्रेत्याचं जमिनीच्या मोजणीबद्दलचं टी-४७ प्रतिज्ञापत्र आलं का, हेही तीच बघते. पैसे मात्र तिच्या हातात कधीच नसतात. ते टायटल किंवा एस्क्रो (मध्यस्थ म्हणून पैसे सांभाळणाऱ्या) कंपनीच्या ट्रस्ट खात्यात, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे वेगळे ठेवायच्या खात्यात जातात. उत्तर न्यू जर्सीसारख्या भागात क्लोजिंग वकील करतो, तिथे वकिलाच्या ट्रस्ट खात्यात. म्हणजे टीसीकडून खाते क्रमांक येण्याचं काही कारणच नाही. आला, तर तो अनोळखी माणसाकडून आला आहे असंच धरा.

आता प्रकार कसा घडतो ते बघू. ऑस्टिनजवळ ५,२०,००० डॉलरचं घर घेणारं एक जोडपं धरू. वीस टक्के डाउन पेमेंट १,०४,००० डॉलर. त्यातून भरलेला अर्नेस्ट मनी ५,२०० वजा, क्लोजिंगचा खर्च आणि आगाऊ कर-विमा मिळून १३,६८० अधिक. क्लोजिंगला न्यायची रक्कम १,१२,४८० डॉलर. हा आकडा क्लोजिंग डिस्क्लोजरच्या (कर्जाच्या आणि खर्चाच्या अंतिम हिशेबाच्या) पहिल्याच पानावर, तळाशी 'कॅश टू क्लोज' म्हणून छापलेला असतो. २०१५ च्या ऑक्टोबरपासूनच्या नियमानुसार हा कागद क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजाच्या दिवस आधी कर्जदाराच्या हातात पडावा लागतो. क्लोजिंग शुक्रवारी असेल, तर तो उशिरात उशिरा मंगळवारी हातात हवा.

बुधवारी दुपारी टीसीच्या नावाने मेल येतो. विषयात घराचा पूर्ण पत्ता आणि टायटल कंपनीचा जीएफ नंबर (फाइल क्रमांक), दोन्ही बरोबर. मजकुराचा सारांश असा: 'टायटल कंपनीच्या ट्रस्ट खात्याचं ऑडिट चालू आहे, म्हणून रक्कम खालील खात्यात वायर (बँकेतून बँकेत थेट जमा) करा. शुक्रवारी चाव्या हव्या असतील तर आज बँक बंद व्हायच्या आत पाठवा. मी दिवसभर क्लोजिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही, मेलवरच कळवा.' रक्कम १,१२,४८०. शेवटच्या डॉलरपर्यंत बरोबर.

चोराला हे सगळं कुठून कळलं? टीसी, एजंट, लेंडरचा अधिकारी किंवा घर घेणारा स्वतः, यांच्यापैकी कुणाच्या तरी मेलपेटीत तो काही आठवडे बसलेला असतो. ई-सहीच्या कागदासारखा दिसणारा मेल येतो, लिंक उघडते, पासवर्ड टाकला जातो, आणि तो थेट चोराकडे पोचतो. टीसीच्या हाती एका वेळी अनेक फायली असतात आणि दिवसभरात सह्यांच्या कितीतरी लिंक ती उघडते, म्हणून तिच्यावर हा डाव सहज चालतो. आत शिरल्यावर चोर मेलपेटीत एक छुपा नियम लावतो: 'वायर' किंवा 'क्लोजिंग' हे शब्द असलेला प्रत्येक मेल एखाद्या न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये हलवायचा आणि त्याची प्रत बाहेर पाठवायची. 'हे खातं खरं आहे ना?' असं तुम्ही त्याच मेलला उत्तर देऊन विचारलंत, तर उत्तर चोरच देतो, आणि तेही टीसीच्या खऱ्या पत्त्यावरून. मेलची खातरजमा मेलवर करणं व्यर्थ आहे, ते याच कारणाने.

कधी मेल खऱ्या पेटीतून न येता जुळ्या पत्त्यावरून येतो. इंग्रजी एम अक्षराच्या जागी आर आणि एन शेजारीशेजारी ठेवले की फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही. सहीतला फोन नंबरही बदललेला असतो. त्यावर फोन केला की गोड बोलणारं माणूस 'हो, मीच पाठवलंय' म्हणतं. खातेदाराचं नाव मात्र नीट वाचा. तिथे टायटल कंपनीच्या ट्रस्ट किंवा एस्क्रो खात्याऐवजी एखादी अनोळखी एलएलसी (खाजगी कंपनी) किंवा व्यक्तीचं नाव असेल, बँक भलत्याच राज्यातली असेल, तर तिथेच थांबा.

'पण नाव चुकलं तर बँक अडवेल ना?' असं बहुतेकांना वाटतं. अडवत नाही. अमेरिकेतल्या वायरच्या कायद्यानुसार पैसे घेणारी बँक फक्त खाते क्रमांकावर विसंबून रक्कम जमा करू शकते. नाव आणि क्रमांक जुळतात का हे तपासणं तिच्यावर बंधनकारक नाही. तुम्ही अर्जावर टायटल कंपनीचं नाव ठळक लिहिलं तरी पैसे क्रमांकाच्या मागे जातात. फेडवायरने (बँकांमधल्या वायरच्या यंत्रणेने) गेलेला पैसा जमा झाला की व्यवहार अंतिम. डेबिट कार्डावरच्या फसवणुकीला जे ग्राहकसंरक्षण मिळतं, ते वायरला लागू नाही. टायटल इन्शुरन्स मालकीहक्कातल्या दोषासाठी असतो, यासाठी नाही. क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर टायटल एजंटने पैसे लाटले तर उपयोगी पडतं. तुम्ही स्वतःच्या हाताने चोराला पाठवलेत तर नाही. या बाबतीत कायदा घर घेणाऱ्याला फारच उघडा सोडतो. एफबीआयच्या तक्रार केंद्राच्या २०२३ च्या अहवालात मेलमधून होणाऱ्या अशा फसवणुकीचं, सर्व व्यवसाय धरून, नुकसान २.९ अब्ज डॉलर नोंदलेलं आहे.

भारतातून आईवडील मदत करतात त्या घरांत धोका आणखी वाढतो. एलआरएसखाली (भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि 'बाबा, थेट टायटल कंपनीलाच पाठवा' म्हणत आलेला मेल पुण्याला फॉरवर्ड केला जातो. देशाबाहेरून आलेली वायर परत खेचणं फार अवघड असतं. ती रक्कम आधी मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या खात्यात यावी, गिफ्ट लेटरसकट (रक्कम भेट आहे, कर्ज नाही असं पत्र), क्लोजिंगच्या निदान दोन-तीन आठवडे आधी. लेंडरलाही पैशाचा माग त्यामुळे सोपा जातो.

करार झाला त्याच आठवड्यात, घाई नसताना, टायटल कंपनीचा फोन नंबर स्वतः शोधा. टेक्ससमध्ये टायटल एजंटांना राज्याचा विमा विभाग परवाना देतो, तिथे कंपनी आहे का बघा. शक्य असेल तर अर्नेस्ट मनी द्यायला त्यांच्या कार्यालयात जाऊन एस्क्रो अधिकाऱ्याचं कार्ड घ्या. तो नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. वायरच्या आधी त्याच नंबरवर फोन करा आणि खाते क्रमांक त्यांना वाचायला सांगा. तुम्ही समोरचा कागद जुळवा. तुम्ही वाचून 'बरोबर ना?' विचारलंत तर कामाच्या गडबडीतलं माणूस नकळत 'हो' म्हणून जातं. तुम्हाला आलेल्या फोनवर कधीच जुळवू नका, पडद्यावर कुठलाही नंबर दाखवता येतो. काही टायटल कंपन्या कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या हमीवर दिलेला चेक) घेतात. घेत असतील तर तोच न्या.

टीसीला पहिल्याच दिवशी विचारा: वायरच्या सूचना तू पाठवणार का? बरोबर उत्तर 'कधीच नाही' एवढंच आहे. तिच्या मेलला दुहेरी पडताळणी आहे का, हेही विचारा. तिची फी कोण देतं तेही तेव्हाच विचारून घ्या. न सांगता ती तुमच्या माथी मारली असेल तर क्लोजिंग डिस्क्लोजरच्या दुसऱ्या पानावर, एच विभागात दिसेल.

पैसे गेलेच, तर मिनिटं मोजायची असतात. चोर रक्कम जमा होताच दुसऱ्या खात्यांत फिरवतो. स्थानिक शाखेत रांग न लावता आपल्या बँकेच्या फसवणूक विभागाला फोन करा, 'फसवणूक झाली आहे, वायर रिकॉल हवा' असं स्पष्ट म्हणा, आणि घेणाऱ्या बँकेला होल्ड हार्मलेस लेटर (त्या बँकेचं नुकसान झाल्यास भरून देण्याची हमी) पाठवायला सांगा. त्याशिवाय ती बँक सहसा पैसे सोडत नाही. दुसऱ्या फोनवर घेणाऱ्या बँकेचा फसवणूक विभाग गाठा. त्याच तासात एफबीआयच्या आयसी३ केंद्रात ऑनलाइन तक्रार करा: दोन्ही खाते क्रमांक, राउटिंग नंबर (बँकेचा क्रमांक), रक्कम, वेळ, मूळ मेल. तिथलं पथक देशांतर्गत बँकांना खातं गोठवण्यासाठी थेट गाठू शकतं, पण पहिल्या बहात्तर तासांनंतर आशा झपाट्याने कमी होते. मेल पुसू नका.

आणि शुक्रवारचं क्लोजिंग विसरू नका. पैसे न आणल्यास करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो आणि विक्रेता अर्नेस्ट मनीवर हक्क सांगू शकतो. एजंटाला फोन करून त्याच दिवशी मुदतवाढीच्या कागदावर सह्या घ्या. लेंडरला रेट लॉक (ठरलेला व्याजदर टिकण्याची मुदत) कधी संपतो ते विचारा आणि तो वाढवून घ्या. खऱ्या टीसीलाही फोन करा, मेल नाही. तिच्या पेटीत चोर बसला असेल तर या महिन्यात क्लोजिंग असलेल्या तिच्या बाकीच्या सगळ्या घरांनाही आज संध्याकाळच्या आत कळायला हवं.