आठ महिने ट्रायपॉड वापरला: चंद्रकोर, शुक्र आणि तापीकाठ

दिवाळीत अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड घेतला, बॉलहेड (वरचा गोल सांधा, ज्यावर कॅमेरा बसतो) त्याच्यासोबतच आला होता. घेतला तो फक्त संध्याकाळच्या चंद्रकोरीसाठी. २४ मार्च २०२३ ला चंद्राच्या खाली शुक्र लटकलेला दिसला ना, तेव्हा हातात धरून काढलेले सगळे फोटो हललेले आले, ते मनातून गेलंच नाही.

पहिली मोठी संध्याकाळ ३ जानेवारी २०२५ ची. चतुर्थीची कोर, शेजारी शुक्र, वर शनी. जळगावजवळ विदगावच्या तापी पुलावर उभा राहिलो, पण केळीचा ट्रक गेला की अख्खा पूल थरथरतो आणि चांदण्यांच्या रेघा होतात, म्हणून खाली काठावर उतरलो. तिथे एक शेतकरी काका थांबले, "कसाना फोटू काढी ऱ्हायना भो?" स्क्रीनवर दाखवलं तर म्हणे चांदनं काळं अंगबी दिसस! चंद्राचं ते काळं अंग दिसतं पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या मंद उजेडात, आणि त्यासाठीच ट्रायपॉड लागतो. लेन्स २०० एमएमला, तिचं छिद्र एफ ४, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, शटर एक सेकंद. क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरचा कॅमेरा) दीड सेकंदाच्या पुढे गेलात तर तारे ओढले जातात. कोर थोडी जळते, म्हणजे पांढरीफट्ट येते, तिच्यासाठी कमी वेळाचा वेगळा शॉट घ्या. सूर्य बुडाल्यावर साधारण अर्ध्या तासाने आभाळ निळं असतं तेव्हाच खरी मजा, नंतर सगळं काळं.

आता तक्रार. पाय मस्त आहेत, पण बॉलहेड टेली लेन्सचं (लांबचं जवळ आणणारी लेन्स) वजन पेलत नाही, घट्ट आवळला तरी सोडल्यावर फ्रेम हळूच खाली सरकते आणि शुक्र कोपऱ्यात जातो. मेच्या उन्हात तर जास्तच. २८ मेला गुरूजवळची बारीक कोर क्षितिजाला टेकत होती, मी चार वेळा फ्रेम लावली आणि ती गेली, फार वाईट वाटलं. आता हेड वेगळा घेतलाय, तो हलत नाही.

मधल्या दांड्याच्या हुकाला दगडांची पिशवी लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. आणि काळ्या मातीत उभा केला की घरी आल्यावर पायांचे लॉक उघडून कोरड्या फडक्याने पुसा, माझा एक लॉक धुळीने करकरायला लागला होता, पुसल्यावर पुन्हा सुरळीत झाला.

घ्यायचा तर पाय हेच घ्या, हेड दुसरा.