युनिव्हर्सिटी की होखशूले? बायोटेकच्या मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेल्यांसाठी

बी.एस्सी. बायोटेक झालेल्या मुलामुलींचे निरोप मला अधूनमधून येत असतात. एपीएस म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीचा दाखला, ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे राहण्याच्या खर्चाचे आधी भरून ठेवायचे पैसे, व्हिसा यातलं त्यांना सगळं पाठ असतं. अडतात ते एकाच ठिकाणी. हातात दोन प्रवेशपत्रं असतात. एक नावाजलेल्या युनिव्हर्सिटीचं, दुसरं लहानशा गावातल्या होखशूलेचं, म्हणजे इंग्रजीत जिला युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस म्हणतात तिचं. घरचे पहिल्याकडे बोट दाखवतात आणि मुलांचं मन दुसऱ्याकडे ओढ घेत असतं, पण का ते त्यांना नीट सांगता येत नाही.

मी दोन्हीकडे शिकलो. पहिलं सत्र युनिव्हर्सिटीत काढलं आणि मग होखशूलेत गेलो, पदवी तिथेच घेतली. म्हणजे माझा अनुभव दोनच संस्थांचा आहे, तेवढ्यावरून सगळ्या जर्मनीबद्दल बोलणं बरोबर नाही. तरी ज्या गोष्टीमुळे मी जागा बदलली ती सांगतो, कारण ती माहितीपत्रकात कुठेच सापडत नाही.

त्यासाठी आधी आपल्याकडच्या जर्नलबद्दल बोलावं लागेल. माझ्या कॉलेजात फर्मेंटर होता, म्हणजे जिवाणू वाढवायचं भांडं. दोन लिटरचा, काचेचा, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हरखाली. तीन वर्षांत तो एकदाच उघडला, तेव्हा आम्ही वीस जण त्याच्याभोवती उभे होतो आणि सर एकेका नळीवर बोट ठेवून नाव सांगत होते. रीडिंग मात्र जर्नलमध्ये सगळी होती. ती सीनियरच्या जर्नलमधून यायची, त्याच्याकडे त्याच्या सीनियरकडून आलेली असायची. पेन्सिलने आलेख, खाली सही, शिक्का, व्हायव्हा. मला त्या जर्नलचा फार राग होता. चांगल्या अक्षरात लिहिलेलं, पण त्यातला एकही आकडा माझ्या हातून निघालेला नाही. जर्मनीला यायचं मी ठरवलं ते बऱ्याच अंशी त्या रागातून.

म्हणून युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या सत्रात बायोप्रोसेसचं प्रात्यक्षिक लागलं तेव्हा मी आदल्या रात्री नीट झोपलोही नव्हतो. गट सहा जणांचा. यंत्र सुंदर होतं, आपल्याकडे क्वचितच बघायला मिळावं असं. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने मीडिया, म्हणजे जिवाणूंचं खाद्य असलेलं द्रव, आधीच निर्जंतुक करून ठेवला होता, इनॉक्युलम म्हणजे जिवाणूंचं विरजणही त्यानेच सोडलं. आम्ही संध्याकाळपर्यंत दर तासाला सॅम्पल घेतलं आणि घरी गेलो. रात्री बॅच, म्हणजे भांड्यातली ती एक खेप, एकटी चालली. सकाळी आलो तर वास वेगळा येत होता, सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या ई. कोलाय जिवाणूंसोबत लांब साखळ्या दिसत होत्या. कंटॅमिनेशन, म्हणजे बाहेरचे जिवाणू आत शिरले होते. होतं असं, त्यात कुणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. पण मग त्या मुलाने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, काळजी करू नका, मागच्या वर्षीच्या बॅचची एक्सेल फाइल पाठवतो, तिच्यावरून अहवाल लिहा.

मी ती फाइल उघडली आणि मला माझं जर्नल आठवलं. साडेसहा हजार किलोमीटर येऊन मी पुन्हा सीनियरच्याच रीडिंगवर बसलो होतो.

त्या मुलाला मी अजिबात दोष देत नाही. त्याला स्वतःच्या प्रबंधातून वेळ काढून आम्हाला शिकवायचं होतं, आणि युनिव्हर्सिटीच्या दृष्टीने त्या प्रात्यक्षिकाचा हेतू आकडेमोड शिकवणं हा होता: वाढीचा वेग कसा काढायचा, ऑक्सिजन किती खर्च झाला, मॉडेल कसं बसवायचं. ते तिथे उत्तम शिकवलं. पण बॅच का बिघडली हे कुणी विचारलं नाही, आणि मला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

होखशूलेत जाणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. तिथल्या बायोटेकच्या मास्टर्सपैकी बरेच अभ्यासक्रम तीनच सत्रांचे असतात आणि त्यांना आधीच्या पदवीचे २१० क्रेडिट लागतात, कारण त्यांची स्वतःची पदवी सात सत्रांची असते आणि त्यातलं एक सत्र कंपनीत जातं. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. धरली जाते जास्तीत जास्त १८० ला. तीस क्रेडिट कमी पडतात. चार वर्षांचं बी.टेक. असलेल्यांना ही अडचण सहसा येत नाही. माझ्या बाबतीत युनिव्हर्सिटीच्या सत्रातले विषय परीक्षा समितीने बऱ्यापैकी ग्राह्य धरले आणि उरलेले मी पदवीच्या वरच्या वर्गात बसून भरून काढले. असं प्रत्येकाचं होईल असं मी म्हणणार नाही, अर्जाआधी त्या विभागाला लेखी विचारून घ्या. या सगळ्यात माझं एक सत्र जास्त गेलं आणि त्या सत्राचे पैसेही गेले.

दुसरी अडचण भाषेची. इंग्रजीतून शिकवणाऱ्या मास्टर्स युनिव्हर्सिटींमध्ये पुष्कळ आहेत, होखशूलेत कमी. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला सुरुवात केली होती, तिचा उपयोग झाला, तरी पहिले दोन महिने व्याख्यानातलं अर्धं मागून वाचून काढावं लागायचं. जर्मनच्या बी१ या मधल्या पातळीवर थांबलेल्यांनी इथे घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. प्रयोगशाळेत सुरक्षेच्या सूचना समजल्या नाहीत तर ती फक्त गुणांची गोष्ट राहत नाही.

आता तिथला फरक. जर्मनीत होखशूलेत प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. पुरत नाही. किमान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि त्यातली तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची असावी लागतात. आमच्या प्रोसेस इंजिनिअरिंगच्या बाई एन्झाइम बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काम करून आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पेन्सिली आणि खोडरबर बॅगेत ठेवायला सांगितले. बॅच रेकॉर्ड, म्हणजे त्या बॅचची नोंदवही, पेनने लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी तारीख, सही आणि कारण. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. माझ्या पहिल्या रेकॉर्डवर अशा अकरा रेघा होत्या. कॉलेजात असं जर्नल परत मिळालं असतं. इथे बाई म्हणाल्या, छान, काय घडलं ते कळतंय.

आम्ही दोघे-दोघे काम करायचो. वीस लिटरचं स्टीलचं भांडं, पीएचचा प्रोब आपणच कॅलिब्रेट करायचा, १२१ अंशांवर निर्जंतुकीकरण आपणच चालवायचं, रात्रपाळीही आपलीच. पहिल्या फेड-बॅचची, म्हणजे जिवाणूंना मधूनच खाद्य सोडत चालवायच्या बॅचची, रात्र मला अजून मिनिटामिनिटाने आठवते. ग्लुकोज संपत आलं की जिवाणू ऑक्सिजन घेणं एकदम कमी करतात आणि विरघळलेल्या ऑक्सिजनची रेघ पडद्यावर उभी वर चढते. तो क्षण पकडून फीड सुरू करायचं असतं. उशीर केला तर पेशी उपाशी राहतात, जास्त सोडलं तर अ‍ॅसिटेट हा आम्लाचा कचरा साचतो आणि वाढ खुंटते. रात्री पावणेतीनला ती रेघ उभी राहिली, मी पंप सुरू केला आणि ती पुन्हा खाली आली. थोड्या वेळाने फेस चढू लागला. दूध उतू जाताना आई जशी एका डोळ्याने पातेल्याकडे बघत असते, तसं आम्ही दोघे भांड्याच्या काचेच्या खिडकीकडे बघत बसलो होतो. हातात अँटिफोमची, म्हणजे फेस मोडणाऱ्या द्रवाची सिरिंज, आणि फेस हवा बाहेर जायच्या फिल्टरपर्यंत पोचू द्यायचा नाही एवढंच डोक्यात.

आणि तिसरी बॅच बिघडली. तसाच वास, तशाच साखळ्या. मी बाईंकडे बघितलं, कारण आता फाइल येणार असं मला वाटत होतं. त्यांनी पुढचे तीन दिवसांचे तास रद्द केले आणि म्हणाल्या, कारण शोधा. आम्ही मीडियाच्या उरलेल्या बाटल्या तपासल्या, इनॉक्युलमची जपून ठेवलेली प्लेट पाहिली, निर्जंतुकीकरणाचा तापमानाचा आलेख काढला. सगळं ठीक. मग भांड्यात हवेचा दाब भरून वाट पाहिली. काटा अगदी हळू, पण खाली येत होता. सायकलच्या दुकानात पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवतात ना, तसं आम्ही एकेका जोडावर साबणाचं पाणी लावत गेलो. सॅम्पल काढायच्या तोंडापाशी बारीक बुडबुडे आले. आतली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट बसवणारी रबरी कडी, एका बाजूने चपटी झाली होती. बोटाच्या पेरावर मावेल एवढं रबर. ती मी अजून जपून ठेवली आहे.

त्या बॅचचा आम्हाला निकाल मिळाला नाही, उत्पादनाचा एक आकडासुद्धा नाही. तरी त्या सत्रातले माझे सगळ्यात जास्त गुण त्याच अहवालाला आहेत.

युनिव्हर्सिटीची बाजू कमी लेखून चालणार नाही. माझा तेव्हाचा घरसोबती तिथेच राहिला, प्रोटीन इंजिनिअरिंगमध्ये गेला आणि आज पीएच.डी. करतो आहे. त्याच्याशी बोलताना मला जाणवतं की एन्झाइमच्या रचनेबद्दल त्याला जे दिसतं ते मला दिसत नाही. होखशूलेचे प्राध्यापक आठवड्याला साधारण अठरा तास शिकवतात, युनिव्हर्सिटीचे आठ-नऊ. हा फरक विद्यार्थ्याला वर्गात सुखाचा वाटतो, पण संशोधनाला उरणारा वेळ त्यातूनच वजा होतो. पीएच.डी. द्यायचा अधिकारही होखशूलेंना पूर्वी नव्हताच. २०१६ मध्ये हेसेन राज्यात फुल्डाच्या होखशूलेला तो पहिल्यांदा मिळाला, त्यानंतर आणखी काही राज्यांनी वाट मोकळी केली. मास्टर्सची पदवी मात्र दोन्हीकडची सारख्याच दर्जाची आहे, होखशूलेतून पुढे युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ला जाणारेही आहेत, फक्त त्यांना मार्गदर्शक शोधायला जास्त दारं ठोठवावी लागतात. ज्याला आत्ताच खात्री आहे की आयुष्य संशोधनात घालवायचं, त्याने माझं ऐकून जागा बदलू नये.

ज्यांचं ठरत नाही त्यांनी बिबेराखकडे एकदा बघावं. तिथली होखशूले आणि उल्म युनिव्हर्सिटी मिळून फार्मास्युटिकल बायोटेकचं मास्टर्स चालवतात, आणि बोहरिंगर इंगेलहाइम या औषध कंपनीचा पेशीसंवर्धनाचा मोठा कारखाना त्याच गावात आहे. आखेनच्या होखशूलेचा बायोटेक विभागही युलिश गावात आहे, जिथे मोठं संशोधन केंद्र आहे.

आईबाबांना समजावणं हा एक वेगळाच भाग. होखशूलेचा शब्दशः अर्थ लावला तर हायस्कूल होतं, आणि माझ्या बाबांना कितीतरी दिवस वाटत होतं की मुलगा युनिव्हर्सिटी सोडून खाली उतरला. त्यांना मी पदवीचा नमुना दाखवला. जर्मनीतल्या पूर्वीच्या डिप्लोमा पदवीच्या नावापुढे कंसात संस्थेचा प्रकार लिहायचे, आता फक्त मास्टर ऑफ सायन्स असतं. त्याने त्यांचं अर्धं समाधान झालं. उरलेलं झालं ते प्रबंधाच्या वेळी. तो मी सहा महिने एका कंपनीत केला, महिन्याला थोडे पैसेही मिळाले. युनिव्हर्सिटीतही बाहेर प्रबंध करता येतो, पण माझ्या तिथल्या विभागात प्राध्यापकांना तो आपल्याच प्रयोगशाळेत हवा असायचा. होखशूलेत मात्र कंपनीत जायचं हेच गृहीत धरलेलं होतं.

माझा एक मराठी वर्गमित्र पदवीनंतर पुण्यात परतला. मुलाखतीत त्याला प्रोटीनची रचना कुणी विचारली नाही. विचारलं ते हे, की बॅच बिघडली तर पहिल्या तासात काय करशील. तो वीस मिनिटं बोलत होता.

तुम्हीही प्रवेशपत्र स्वीकारण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला हाच प्रश्न मेलवर विचारा: प्रात्यक्षिकात बॅच कंटॅमिनेट झाली तर विद्यार्थी पुढे काय करतात? मी होखशूलेला विचारलं तेव्हा उत्तरात एक जुना अहवाल जोडून आला होता, नावं खोडलेला, आडव्या रेघांनी भरलेला. उन्हाळी सत्राचे अर्ज बऱ्याच ठिकाणी १५ जानेवारीला बंद होतात, तेव्हा मेल दिवाळीच्या आधीच गेलेला बरा.